दोनशेच्या वर

त्या प्रयोगशाळेत तिला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. दारावरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या मॅडमपर्यंत सगळे तिला मुंगीताई म्हणायचे, आणि त्यात कोणाची चूक नव्हती. अंगाने एवढीशी, चालणं तुरुतुरु आणि हाताला लागेल ते साठवून ठेवायची खोड. रिकाम्या बाटल्या, रबरबँड, औषधांच्या खोक्यातली घडीची माहितीपत्रकं, पाकिटांच्या कोऱ्या बाजू. घरी थोरल्या बहिणीला, अक्काला, या साठ्याचा भारी वैताग. ती म्हणायची, "मी मेले तर मलाही एखाद्या बरणीत घालशील आणि वर चिठ्ठी चिकटवशील. तारीख तेवढी नीट घाल म्हणजे झालं."

अक्का विधवा, मुंगी बिनलग्नाची. दोन खोल्यांत दोघी राहायच्या आणि दिवसाला पुरेल इतकं भांडण रोज ताजं करायच्या. मुंगीचं वय छप्पन्न. त्यातली सव्वीस वर्षं तिने तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच खोलीत, त्याच टेबलाशी काढली होती. आपल्याला जगातलं फारसं काही कळत नाही हे ती स्वतःच सांगायची. पण आपला एकही रिपोर्ट आजवर परत आलेला नाही, हेही ती सांगायची, आणि विचारायच्या आत सांगायची.

तिच्या टेबलावर येणारं रक्त एका विशिष्ट आजाराच्या माणसांचं असायचं. अँटीबॉडी म्हणजे शरीराचे राखणदार. बाहेरून जंतू शिरला की त्याला धरायचं, हे त्यांचं काम. काही माणसांच्या बाबतीत मात्र हे राखणदार बिथरतात आणि घरच्यांवरच हात उचलतात. कातडीच्या पेशींना जे द्रव्य एकमेकींशी धरून ठेवतं, त्याच्यावरच ते तुटून पडतात. मग कातडी सुटते, फोड येतात, फुटतात, सालपटं निघतात. पुष्कळदा सुरुवात तोंडातून होते आणि साधा घास गिळणं ही शिक्षा होऊन बसते. पेम्फिगस हे त्या आजाराचं नाव. लवकर ओळखला आणि गोळ्या नेटाने घेतल्या तर माणूस सावरतो, नाही घेतल्या तर जातो.

रक्तात हे बिथरलेले राखणदार आहेत का, ते मुंगी शोधायची. शहाण्णव खळगे असलेली प्लास्टिकची एक प्लेट असते. खळग्यांच्या तळाला ते चिकट द्रव्य लावलेलं असतं. रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, ठरावीक प्रमाणात पातळ करून त्यात सोडायचं. अँटीबॉडी असतील तर त्या तळाला चिकटून बसतात, नसतील तर धुतल्यावर निघून जातात. शेवटी एक रसायन घातलं की खळगा पिवळा होतो. जेवढ्या अँटीबॉडी जास्त तेवढा पिवळा गडद. मग ती प्लेट मशीनमध्ये सरकवायची आणि मशीन आकडा सांगतं. वीसच्या आत म्हणजे नाही. वीसच्या वर म्हणजे आहे. आणि दोनशेच्या पुढे मशीन मोजत नाही. तिथे मुंगी आपल्या ठसठशीत अक्षरात लिहायची, 'दोनशेपेक्षा जास्त', आणि सही करायची.

काम संपलं की नळीच्या तळाशी थोडंसं सीरम उरायचं. नियम असा की तीन महिने ठेवायचं आणि मग टाकून द्यायचं. मुंगीच्याने ते टाकवत नसे. "त्या माणसाने सुई टोचून घेतली आहे. आपण काय म्हणून ओतून टाकायचं?" असं ती म्हणायची, आणि इवल्याशा नळ्यांत भरून, तारीख घालून, डीप फ्रीझरच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात दडवून ठेवायची. मोठ्या मॅडम दर वर्षी हा कप्पा रिकामा करायला सांगायच्या. मुंगी दर वर्षी हो म्हणायची.

पुढे ज्यांना ती काटेवाले म्हणू लागली ते गृहस्थ खिडकीशी आले त्या दिवशी दुपारची वेळ होती. रिपोर्ट द्यायची खिडकी मुंगीच्या टेबलापासून चार पावलांवर. तिथे बसणारी बाई जेवायला गेली होती, म्हणून मुंगीला उठावं लागलं. बाहेर साठीचा एक माणूस उभा होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट, औषधांनी सुजलेलं गोल तोंड आणि ओठांवर काळपट खपल्या. त्याने खिशातून कागदांची घडी काढली आणि एकेक कागद खिडकीच्या फळीवर मांडला. सात कागद. सातही रिपोर्ट मुंगीच्या हातचे, दर दोन महिन्यांचा एक. सातांवर एकच मजकूर, 'दोनशेपेक्षा जास्त'.

"हे तुम्ही लिहिता?" त्याने विचारलं. ओठ दुखत असल्यामुळे तो तोंडाच्या एका कोपऱ्यातून बोलत होता.

"मीच लिहिते. काय झालं?"

"मी वजनकाट्यावर बसतो ताई. ट्रक मोजतो. बत्तीस वर्षं झाली. एकच ट्रक, तोच ड्रायव्हर, तीच खडी, तरी सात खेपांना सात वजनं येतात. आणि माझं रक्त चौदा महिने काडीचंही हललं नाही?"

"अहो, दोनशेपेक्षा जास्त लिहिलंय. दोनशे नाही लिहिलेलं."

"तेच विचारतोय. जास्त म्हणजे किती? दोनशे एक की दोन हजार?"

मुंगी म्हणाली, "दोनशेच्या पुढे मशीन मोजत नाही."

काटेवाल्यांनी एका कागदावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "माझ्या काट्यावर क्षमतेच्या वरची गाडी चढली ना, की स्क्रीनवर नुसत्या आडव्या रेघा येतात. मी त्याला 'चाळीस टनांपेक्षा जास्त' अशी पावती फाडून देत नाही. अर्धा माल उतरवायला लावतो आणि दोनदा मोजतो. तुमच्याकडे असं काही नाही का?"

आता, खरं म्हणजे प्रश्न साधा होता. विचारणारा माणूस उर्मट नव्हता. पण मुंगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षांत तिच्या रिपोर्टवर बोट ठेवायला कोणी आलं नव्हतं आणि हा ट्रक मोजणारा तिला शिकवायला निघाला होता. "हे रक्त आहे, खडी नाही," ती फणकाऱ्याने म्हणाली. "किटच्या पुस्तकात लिहिलंय तसं करतो आम्ही. काही शंका असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा."

"त्यांना विचारलं. ते म्हणतात कातडी बघा, थोडी सुधारतेय. मला नाही दिसत. रोज एक फोड जातो, एक येतो. डोळ्यांचं काय घेऊन बसलात, डोळे फसतात. म्हणून तर मी आकड्याकडे बघत होतो." त्यांनी सातही कागद गोळा करून परत घडी घातली. "चौदा महिने गोळ्या खाल्ल्या. तोंड फुग्यासारखं झालं, झोप गेली, साखर वाढली. आणि काटा जागचा हलत नाही. म्हणजे औषध लागू पडत नाही, एवढं मला कळतं. आता बास झालं."

"बास म्हणजे?"

"बास म्हणजे बास," असं म्हणून ते जिन्याकडे वळले. मुंगी खिडकी धाडकन लावून टेबलाशी येऊन बसली.

घरी आल्यावर तिने अक्काला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. काटेवाल्यांचा आवाज तिने मुद्दाम मोठा केला आणि स्वतःचा बारीक. अक्का कपड्यांच्या घड्या घालता घालता ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "तू फार चिडली आहेस."

"चिडू नको तर काय करू?"

"तसं नाही गं. लहानपणापासून बघतेय. खोटं बोललेलं तू हसण्यावारी नेतेस. कोणी खरं बोललं की मगच अशी पेटतेस."

मुंगी त्या रात्री थोडंच जेवली. अक्काचं बोलणं बहुतेक वेळा बरोबर असायचं, आणि तेच तिला आयुष्यभर सहन होत आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने किटचं माहितीपत्रक काढलं. तिच्याकडे ती एकूण चौतीस होती, कारण किटच्या प्रत्येक खोक्यातलं पत्रक ती जपून ठेवायची. शेवटच्या पानावर, अगदी तळाला, बारीक ठशात एक ओळ होती. मोजमापाच्या मर्यादेबाहेर गेलेला नमुना आणखी पातळ करून पुन्हा तपासावा आणि येणाऱ्या आकड्याला तितक्या पटीने गुणावं. ओळ नवी नव्हती. नऊ वर्षांपूर्वी ही तपासणी सुरू झाली तेव्हाच मुंगीने ती वाचली होती आणि मोठ्या मॅडमना विचारलंही होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, "काय गरज आहे? आजार आहे की नाही, एवढंच डॉक्टरांना हवंय."

आणि तेव्हा ते बरोबरच होतं. इथेच सगळं घोडं पेंड खात होतं. सुरुवातीला रक्त एकदाच यायचं, आजार ओळखण्यापुरतं. पुढे डॉक्टर दर दोन महिन्यांनी त्याच माणसाचं रक्त पुन्हा पाठवू लागले, उतार पडतो का ते बघायला. प्रश्न बदलला होता. आधी विचारत होते 'आहे का?', आता विचारत होते 'किती आहे?'. आणि मुंगी मात्र नऊ वर्षं पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देत बसली होती, तेही ठसठशीत अक्षरात.

डीप फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात तिला सातही नळ्या सापडल्या. त्यातली सर्वांत जुनी चौदा महिन्यांची, म्हणजे नियमाप्रमाणे अकरा महिन्यांपूर्वीच कचऱ्यात जायला हवी होती. नवं किट यायला आठवडा गेला. ते येताच तिने त्या बाहेर काढून बर्फावर ठेवल्या आणि एकाच प्लेटवर सगळ्या एकदम लावायचं ठरवलं. वरच्या ओळीत सातही सीरम नेहमीच्या प्रमाणात. खालच्या ओळीत तीच सात, पण आणखी पन्नासपट पातळ. हात सरावाचा होता, तरी त्या दिवशी प्रत्येक नळीवरची तारीख तिने दोनदा वाचली.

मशीनची गरजच पडली नाही. शेवटचं रसायन घातल्यावर वरची ओळ पिवळी झाली, सातही खळगे सारखेच गडद, डावं-उजवं करता येऊ नये इतके. आणि खालची ओळ पायरीपायरीने उतरत गेली. पहिला खळगा गडद, दुसरा जरा कमी, तिसरा आणखी फिका आणि सातवा तर नुसता पिवळ्याचा भास. मुंगी त्या दोन ओळींकडे बघत उभी राहिली. वरच्या ओळीत तिची नऊ वर्षं होती, खालच्या ओळीत काटेवाल्यांचं रक्त होतं. तिला रडू आलं, आणि आलं म्हणून तिने ते आवरलंही नाही. चष्मा मात्र काढून बाजूला ठेवला, कारण प्लेटवर काही सांडायला नको.

मग मशीनने आकडे दिले. पाच हजार चारशे, चार हजार सातशे, तीन हजार तीनशे, तीन हजार नऊशे, दोन हजार शंभर, बाराशे, सातशे. औषध लागू पडत होतं. चौदा महिन्यांत माणूस पाच हजारांवरून सातशेवर उतरला होता आणि त्याच्या हातात मात्र सात वेळा तोच कागद ठेवला गेला होता.

फक्त चौथा आकडा तिला खटकला. उतरणीवर मध्येच सहाशेची चढण कशी? आपलाच हात चुकला असणार, असं समजून तिने चौथी नळी पुन्हा लावली. पुन्हा तीन हजार नऊशेच्या आसपास. तिसऱ्यांदा लावली, तरी तेच. शेवटी तिने तो आकडा जसा आला तसा लिहिला.

मोठ्या मॅडमनी कागद दोनदा वाचला. त्या वाईट बाई नव्हत्या, पण निवृत्तीला सात महिने राहिले होते. "रिपोर्ट खोटे नव्हते, मुंगी," त्या म्हणाल्या.

"खोटे नव्हते मॅडम. पण कामाचेही नव्हते."

मॅडमनी कागद टेबलावर सरळ केला. मग त्यांनी पेन उघडलं. "मी 'गरज नाही' म्हटलं होतं ना तेव्हा? मला आठवतंय. लिही. आधीचे सात रिपोर्ट तुलनेसाठी वापरू नयेत असं लिही, खाली तू सही कर, त्याखाली मी करते." सही करून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आणि असे अजून किती आहेत?"

मुंगीने रजिस्टर आधीच चाळलं होतं. "अकरा जण. उद्यापासून एकेकाचं लावते. दोघं आता हयात नाहीत." ते आजाराने गेले की आणखी कशाने, ते रजिस्टरात नव्हतं. तिने ते कोणाला विचारलं नाही. अजून तेवढा धीर तिला झाला नव्हता.

त्वचेचे डॉक्टर तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. आकडे बघून त्यांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग फोन. काटेवाल्यांचा नंबर लागेना. "गेल्या आठवड्यात यायचे होते, आले नाहीत. ताई, गोळ्या एकदम बंद केल्या असतील तर अवघड आहे. ही औषधं अशी अचानक सोडली तर जिवावर बेततं."

"मला म्हणाले होते, बास झालं."

"कधी?"

मुंगीने मनातल्या मनात दिवस मोजले. बारा. बारा दिवसांपूर्वी तो माणूस तिला सांगून गेला होता आणि तिने खिडकी लावून घेतली होती. "पत्ता द्या," ती म्हणाली. "आणि रक्ताचा कागद भरून द्या. मी जाते." डॉक्टर म्हणाले, निरोप्याला पाठवू. मुंगी म्हणाली, निरोप्याची चूक नाहीये.

वजनकाटा गावाबाहेरच्या रस्त्यावर होता. जमिनीला टेकलेला लांबलचक लोखंडी पाट, बाजूला पत्र्याची खोली, खोलीला मोठी काच. धूळ इतकी की झाडं कोणत्या रंगाची असतात ते विसरायला व्हावं. आत एक टेबल, हिरव्या आकड्यांचा स्क्रीन, पावत्या छापायचं मशीन आणि कोपऱ्यात स्टुलावर एक बाई. त्या त्यांच्या बायको. नवरा बरा दिसत नाही म्हणून त्या गेले दोन दिवस सोबत येऊन बसत होत्या. काटेवाले खुर्चीत मान टाकून बसले होते. ओठ आता उघडेच पडले होते आणि गळ्यावरून एक ओलसर चट्टा कॉलरच्या आत गेला होता.

"तुम्ही?" ते म्हणाले. ओळख लगेच पटली होती.

मुंगीने येताना वाटेत चार वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आठवेना. "चूक माझी होती," ती म्हणाली. "तुमची गाडी क्षमतेच्या वरची होती. मी अर्धा माल उतरवायला हवा होता. नाही उतरवला. आता उतरवून मोजलंय." आणि तिने कागद पुढे केला.

बाहेर ट्रक उभा होता. काटेवाल्यांनी आधी तो मोजला, पावती दिली, गाडी हलवायची खूण केली आणि मगच कागद हातात घेतला. वाचताना त्यांचं बोट एकेका आकड्यावरून सरकत होतं. चौथ्यावर ते थांबलं. तिसऱ्यावर गेलं, परत चौथ्यावर आलं.

"ही चढण," ते हळू आवाजात म्हणाले, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मला वाटलं माझा हात चुकला. तीनदा लावून बघितलं."

काटेवाल्यांनी बायकोकडे बघितलं. "जरा बाहेरून पाणी आणतेस?"

"पाणी इथेच आहे," बायको म्हणाल्या. "बोला काय ते. मला बाहेर घालवू नका."

त्यांनी चौथ्या आकड्यावरचं बोट उचललं. मग कागदाकडे बघतच म्हणाले, "त्या महिन्यात शाळेतले जुने मित्र भेटणार होते. चाळीस वर्षांनी. असलं सुजलेलं तोंड घेऊन कुठे जाऊ, म्हणून गोळ्या निम्म्या केल्या होत्या. तीन आठवडे. कोणालाच सांगितलं नाही. हिलाही नाही."

"मला माहीत होतं," बायको म्हणाल्या.

"काय?"

"डबीत गोळ्या उरायच्या. मला काय दिसत नाही? तेव्हाच भांडणार होते. पण मग रिपोर्ट आला, तर तोच. दोनशेपेक्षा जास्त. म्हटलं, निम्म्या घेतल्या काय आणि पूर्ण घेतल्या काय, कागदावर फरक नाही. मग कशाला त्यांच्या आनंदावर विरजण घालू? म्हणून गप्प बसले. आणि आता सगळ्याच बंद केल्या, तरी गप्पच बसले." एवढं बोलून त्यांनी मुंगीकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मुंगीला परवडलं असतं.

"हा खरा आकडा तेव्हा हातात असता," मुंगी म्हणाली, "तर तुम्ही बोलला असता."

"घर डोक्यावर घेतलं असतं," बायको म्हणाल्या.

काटेवाले अजून चौथ्या आकड्याकडेच बघत होते. डॉक्टरांनी चौदा महिने समजावलं होतं, त्याने जे झालं नव्हतं ते त्या सहाशेच्या चढणीने झालं होतं. त्यांची चोरी त्यांना एकट्यालाच ठाऊक आहे असं ते समजत होते आणि ती या कागदावर तारखेसकट छापून आली होती. "बरोबर मोजलंय," ते शेवटी म्हणाले. बत्तीस वर्षं काट्यावर बसलेल्या माणसाच्या तोंडून आलेले ते दोन शब्द मुंगीने पुढे कधी कोणाला सांगितले नाहीत, अक्कालाही नाही. "आता किती असेल? बारा दिवस बंद आहेत."

"रक्त द्या, मग सांगते. आणि इथून उठून थेट डॉक्टरांकडे जायचं. ते वाट बघतायत."

"इथेच देऊ?"

"इथेच."

मुंगीने पर्समधून सुईचं बंद पाकीट आणि नळी काढली. काटेवाल्यांनी बाही वर सरकवली, आणि तेव्हा तिने ते पहिल्यांदा बघितलं. नऊ वर्षं या आजाराचं रक्त तिच्या हातांखालून गेलं होतं. त्याचा पिवळा रंग ती झोपेतही ओळखू शकली असती. पण ज्या हातातून ते रक्त यायचं तो हात तिने कधी बघितला नव्हता. कोपरापासून मनगटापर्यंत कुठे खपली, कुठे लालभडक ओली जागा, कुठे नुकताच भरत आलेला गुलाबी डाग. जिथे जिथे कातडी शाबूत होती, तिथेही तिला हात लावायची भीती वाटली. नऊ वर्षं आपण मोजत काय होतो, हे तिला त्या पत्र्याच्या खोलीत कळलं.

रबरी पट्टा थेट कातडीवर आवळला तर साल निघेल, म्हणून तिने बाही निम्म्या दंडापर्यंत खाली ओढली आणि पट्टा कापडावरून बांधला. शीर सापडायला वेळ लागला. सुई आत गेली तेव्हा काटेवाल्यांनी डोळे मिटले. नळी भरली. आता चिकटपट्टी लावायची सोय नव्हती, काढताना कातडी घेऊनच निघाली असती. मुंगीने कापूस ठेवला आणि त्यावर आपलं बोट हलकेच टेकवून उभी राहिली. रक्त थांबायला पाच मिनिटं तरी लागणार होती. बायकोने पिशवीतून डबी काढली. दोन दिवस त्या ती घेऊन येत होत्या आणि तशीच परत नेत होत्या. त्यांनी मुंगीने आणलेली डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, तिच्यात लिहिल्या होत्या तेवढ्या गोळ्या तळहातावर काढल्या आणि हात पुढे केला. काटेवाल्यांनी मोकळ्या हाताने त्या उचलल्या आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळल्या. गिळताना ओठ झोंबले, डोळ्यांत पाणी आलं, पण गोळ्या खाली गेल्या.

तेवढ्यात पाटावर खडीचा ट्रक चढला. ड्रायव्हरने एकदा हॉर्न दिला, मग दोनदा, मग दाबूनच धरला. खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "ओ काटेवाले! झोपलात का?"

काटेवाल्यांनी काचेकडे मान वळवली. मुंगीचं बोट त्यांच्या दंडाखाली कापसावर तसंच होतं. फुटलेल्या ओठांनी जेवढं ओरडता येईल तेवढं ते ओरडले,

"थांब जरा! आत्ता माझं वजन चाललंय."